बाईंना काय द्यावे आणि केव्हा द्यावे

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझा मुलगा सोलापुरातील एका खासगी अनुदानित मराठी शाळेत चौथीत शिकतो. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात मागावर आहेत आणि मी घरी शिलाईकाम करते. वर्गातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शिक्षक दिनासाठी प्रत्येकी पाचशे रुपये वर्गणी ठरली आहे. वर्गात ४६ मुले आहेत. बाईंना पैठणी आणि चांदीची समई द्यायची आणि उरलेली रक्कम पाकिटात घालायची असा बेत आहे. पैसे भरलेल्यांच्या नावापुढे खूण केलेली यादी रोज संध्याकाळी गटावर येते. काल माझ्यासह अकरा नावांपुढे खूण नव्हती.

माझा मुलगा बोलताना अडखळतो. बाईंनी जूनपासून त्याला मधल्या सुट्टीत रोज थोडे वाचायला लावले आणि गेल्या महिन्यात परिपाठाला सुविचार वाचायला उभे केले. त्यांना मनापासून काहीतरी द्यावे असे मला वाटते. यजमान म्हणतात की कारखान्यातील एक चांगली चादर देऊ. सासूबाई म्हणतात की गुरुदक्षिणा मोजून मापून देऊ नये, सगळे देतात तेवढे द्यावे. गटातील एक ताई लिहितात की डिसले गुरुजींना जगाने एवढे मोठे बक्षीस दिले, मग आपण आपल्या बाईंना इतकेही देऊ नये का? वर्गणी दिली नाही तर मुलाकडे दुर्लक्ष होईल का? आणि चादर दिली तर ती लाच ठरेल का?

– एक आई, अशोक चौक परिसर

सल्ला

ताई, शिक्षक दिनाला आठवडाही उरलेला नाही, म्हणून निष्कर्ष आधी सांगते आणि कारणे मागून देते. गटाच्या वर्गणीत सहभागी होऊ नका. चादर आत्ता देऊ नका. वार्षिक निकाल हाती आल्यावर ती कशी देता येईल हे पुढे लिहिले आहे. ५ सप्टेंबरला मुलाने स्वतः लिहिलेले चार ओळींचे पत्र बाईंना द्यावे, आणि तुम्ही बाईंच्या कामाबद्दल एक पत्र लिहून ते मुख्याध्यापकांकडे द्यावे. यात तुमचा खर्च फार तर दोन कागदांचा होईल, पण बाईंना त्याचा उपयोग समईपेक्षा अधिक होईल असे मी पूर्ण विचाराने म्हणते.

वर्गणीतील खोट रकमेत शोधू नका. पाचशेऐवजी पन्नास रुपये ठरले असते तरी माझे उत्तर हेच राहिले असते, कारण खोट त्या यादीत आहे. आभार ज्याचे त्याने, जमेल तेव्हा आणि जमेल तसे मानायचे असतात. नावांपुढे खुणा करून, थकबाकीदारांची यादी रोज चारचौघांत लावून जे गोळा केले जाते ती घरपट्टीची वसुली झाली, आणि घरपट्टी भरल्याबद्दल कोणाच्या मनात कोणाविषयी प्रेम वाढल्याचे ऐकिवात नाही. सगळ्यांनी दिले तर २३,००० रुपये जमतील. एवढी रक्कम एका व्यक्तीच्या हाती देताना ती स्वेच्छेने दिली आहे असे म्हणायचे असेल, तर न देण्याचीही मोकळीक तितकीच खरी असावी लागते, आणि तुमच्या गटात ती उरलेली नाही.

आपल्या शहरात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरांत किती अंतर असते, हे मागावर काम करणाऱ्या घराला मी सांगायला नको. एकाच्या वडिलांचे नवी पेठेत दुकान असते आणि शेजारच्या मुलीची आई विड्या वळत असते. विडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने मिळते, आणि पाचशे रुपये हातात यायला त्या आईला एकाहून अधिक दिवस सूप मांडीवर घेऊन बसावे लागते. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी आणि मराठी लिहिताना बिचकणारी आई अशा गटावर एक अक्षरही लिहीत नाही. तिचे गप्प राहणे संमती म्हणून धरले जाते आणि दुसऱ्या दिवशी तिचेच नाव खुणेविना झळकते. मुलांना यातले काही कळत नाही अशी कोणाची समजूत असेल तर तीही सोडून द्यावी, कारण संध्याकाळी बहुतेक घरांत फोन मुलांच्याच हातात असतो.

बाईंच्या बाजूनेही हा बेत पाहायला हवा. त्यांना याची कल्पना आहे की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. बहुधा नसावी, अशा भेटी त्यांना चकित करण्यासाठी ठरतात, आणि ज्याला भेट द्यायची त्याला ती चालेल का, एवढेच विचारायचे राहून जाते. भर वर्गात पैठणीची घडी उलगडली गेल्यावर नको म्हणणे कोणालाही अवघड जाते. ती स्वीकारली, तर पहिल्या सत्राच्या संकलित मूल्यमापनात कोणाला कोणती श्रेणी मिळाली याकडे पालक वेगळ्याच नजरेने पाहू लागतात. ज्याच्या घरून पैसे आले त्याला चांगली श्रेणी मिळाली तरी कुजबुज होते आणि न दिलेल्याला कमी मिळाली तरी होते. बाईंनी काहीही वावगे न करता त्यांच्या पेनातून उतरलेल्या प्रत्येक शेऱ्याविषयी शंका घ्यायला जागा होते. ज्यांचा सन्मान करायचा त्यांनाच असे अडचणीत आणणारी भेट, ती कितीही आदराने दिलेली असो, मला योग्य वाटत नाही.

आता नियमांविषयी. शाळा कोण चालवते त्याप्रमाणे नियम बदलतात, आणि हे सदर वाचणाऱ्या सगळ्यांची मुले एकाच प्रकारच्या शाळेत नाहीत, म्हणून तुमच्या शाळेपुरतेच न लिहिता थोडे विस्ताराने सांगते. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असतात आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना महाराष्ट्र जिल्हा परिषद जिल्हा सेवा (वर्तणूक) नियम, १९६७. त्यांचा रोख असा की, ज्यांच्याशी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून कर्मचाऱ्याने स्वतः भेट घेऊ नये आणि आपल्या कुटुंबीयांनाही घेऊ देऊ नये. लग्नकार्यात नातेवाईक रीतीप्रमाणे करतात तो आहेर किंवा सहज घडलेले चहापाणी यांना त्यात वाव आहे, भपकेबाज पाहुणचाराला नाही. खासगी शाळांसाठी, मग त्या अनुदानित असोत की विनाअनुदानित, १९७७ चा खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे, आणि त्या नियमावलीत शिक्षकांची कर्तव्ये व आचारसंहिता दिलेली आहे. याशिवाय अनेक इंग्रजी माध्यमाच्या शाळा वर्षाच्या सुरुवातीलाच, शिक्षकांना भेटवस्तू देऊ नयेत, असे परिपत्रक काढतात. दैनंदिनीच्या पहिल्या चार-पाच पानांत ते छापलेले असते आणि ती पाने सहसा कोणी वाचत नाही. तुमच्या शाळेचा असा काही नियम आहे का, हे कार्यालयात जाऊन विचारल्यास दोन मिनिटांत कळेल.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने शालेय शिक्षकांसाठी जी नीतिसंहिता आखली, तिच्यात शिक्षकाच्या निर्णयावर परिणाम होईल किंवा झाल्यासारखा दिसेल अशी भेट वा मेहेरबानी त्याने घेऊ नये, असा भाव आहे. यातील ‘दिसेल’ या अटीला मी अधिक महत्त्व देते. बाई प्रामाणिक आहेत याविषयी तुमच्या मनात शंका नाही आणि पत्र वाचल्यावर माझ्याही मनात नाही. तथापि ४६ घरांना त्या तशा दिसत राहाव्यात ही जबाबदारी त्यांच्याइतकीच पालकांचीही आहे.

लाचेचा प्रश्न तुम्ही विचारलात हे बरे झाले, कारण त्याबाबत दोन टोकांचे गैरसमज असतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ मधील लोकसेवकाच्या व्याख्येत शासनाकडून अर्थसाहाय्य मिळणाऱ्या किंवा पूर्वी मिळालेल्या शैक्षणिक संस्थेचे कर्मचारीही येतात. त्यामुळे शिक्षक काही सरकारी अधिकारी नव्हेत, त्यांना हा कायदा लागू नाही, असे जे गटावर बोलले जाते ते चूक आहे. अनुदानित शाळेतील शिक्षक त्या व्याख्येत बसतात आणि महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा कोणत्याही माध्यमाच्या शाळेतील शिक्षकही बसतात. दुसरीकडे, शिक्षकाला दिलेली प्रत्येक वस्तू म्हणजे लाच, हेही खरे नाही. कर्तव्य अयोग्य रीतीने पार पाडावे यासाठी, किंवा तसे पार पाडल्याचे बक्षीस म्हणून दिला-घेतलेला गैरवाजवी लाभ हा त्या कायद्याचा मुख्य विषय आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर असा लाभ देणाराही थेट गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; घेणाऱ्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षे. तुमची चादर या कलमांच्या आसपासही फिरकत नाही. पाकिटातील रोख रकमेविषयी मात्र मी इतक्या निश्चिंतपणे लिहू शकत नाही, कारण रोकड कशासाठी दिली हे तिच्यावर लिहिलेले नसते, आणि उद्या कोणी तक्रार केली तर आपला हेतू शुद्ध होता हे सांगत बसण्याची पाळी देणाऱ्यांवर आणि बाईंवर सारखीच येईल.

सासूबाईंच्या म्हणण्यात आदर आहे, म्हणून त्यांना कायदा सांगू नका. कौत्साची आठवण करून द्या. दसऱ्याला आपट्याची पाने वाटताना ती गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. कौत्साने वरतंतू ऋषींना दक्षिणा काय देऊ असे विचारले ते विद्या पूर्ण झाल्यावर, आणि ऋषींनी प्रथम काहीच नको म्हणून सांगितले. त्याने हट्टच धरला तेव्हा त्यांनी वैतागून चौदा विद्यांच्या चौदा कोटी मुद्रा मागितल्या आणि बिचाऱ्याला रघुराजाच्या दारात उभे राहावे लागले. सोने लुटण्याचा शेवट आपण लक्षात ठेवतो आणि त्याआधीचा गुरूचा नकार विसरतो. दक्षिणा शिक्षण संपल्यावर द्यायची असते, वर्ष सुरू होताना किंवा परीक्षेच्या तोंडावर नव्हे, एवढे तरी त्या परंपरेतून घ्यायला हरकत नसावी. हाच न्याय लावला तर गुरुपौर्णिमेच्या महागड्या भेटीही मला विचित्र वाटतात. शाळा जूनच्या मध्याला उघडते आणि आषाढी पौर्णिमेपर्यंत वर्गशिक्षकांना सगळ्या मुलांची नावेही धड पाठ झालेली नसतात. त्या वेळी पोचलेली चांदीची मूर्ती झालेल्या उपकाराची फेड असूच शकत नाही, ती पुढच्या वर्षभराची तजवीज असते.

डिसले गुरुजींचे उदाहरण देणाऱ्या ताईंना उत्तर द्यावे असे तुम्हाला वाटत असेल तर तेही सोपे आहे. आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, त्याचा सगळ्या सोलापूरकरांना अभिमान आहे. पण तो पुरस्कार देणाऱ्यांपैकी कोणाचेही मूल परितेवाडीच्या वर्गात बसलेले नव्हते, तो जगासमोर जाहीर करून दिला गेला, आणि गुरुजींनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकण्याचे त्याच वेळी जाहीर केले. पालकांच्या गटातून येणारे पाकीट या तिन्ही बाबतींत त्याच्या उलट आहे.

तुमच्या मुलाकडे दुर्लक्ष होईल का, हा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला असला तरी पत्राच्या प्रत्येक ओळीमागे तोच आहे असे मला जाणवले. मी अपरिचित बाईंविषयी हमी देऊ शकत नाही. मात्र तुम्हीच लिहिलेल्या मजकुराकडे लक्ष वेधते. ज्या मुलाच्या घरून फुलाची पाकळीही आलेली नव्हती, त्याच्यासाठी या बाईंनी आपली मधली सुट्टी खर्च केली आणि अडखळणाऱ्या मुलाला सगळ्या शाळेसमोर वाचायला उभे करण्याचे धाडस केले. जे काहीही न घेता मिळाले ते पाचशे रुपये न दिल्यामुळे थांबेल असे मानायला मला कारण दिसत नाही. तरीही पुढे कधी मुलाला टोमणे मारले गेले, मागे बसवले गेले असे तुम्हाला आढळले, तर बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे हे लक्षात ठेवा. त्या वेळी आधी बाईंशी, मग मुख्याध्यापकांशी बोलावे. आजच त्याची काळजी वाहू नका.

गटावर लिहिण्याआधी खूण नसलेल्या अकरा जणांपैकी दोघी-तिघींना फोन करा. एकटीने लिहिले तर तो तुमच्या ऐपतीचा विषय होतो. तिघींनी लिहिले तर तो वर्गाचा विषय होतो. गटावर कायद्याची कलमे टाकू नका, कोणावर आरोप करू नका आणि पैसे नाहीत हे कारणही देऊ नका, कारण मग कोणीतरी मोठ्या मनाने तुमचे पाचशे स्वतः भरायला पुढे येईल आणि तुमची अडचण दुप्पट होईल. मजकूर साधारण असा असावा:

“सर्वांना नमस्कार. बाईंविषयी आम्हालाही सगळ्यांइतकाच आदर आहे. मात्र महागड्या वस्तू किंवा रोख रक्कम देण्याच्या वर्गणीत आम्ही सहभागी होणार नाही. सर्व ४६ मुलांनी हाताने केलेली शुभेच्छापत्रे एकत्र शिवून त्यांचे एक पुस्तक बाईंना द्यावे अशी विनंती आहे. शिवण्याचे काम मी करीन. पैसे भरलेल्यांची यादी गटावर टाकणे कृपया थांबवावे.”

शेवटचे वाक्य काही जणांना बोचेल, तरी ते गाळू नका. बाकी सगळे मान्य झाले आणि यादी चालूच राहिली तर काहीच साधले नाही. यादी चालवणाऱ्या ताईंना मात्र गटावर लिहिण्याच्या तासभर आधी स्वतंत्र फोन करून कल्पना द्यावी. त्यांनी खटपट चांगल्या भावनेने केली असण्याचीच शक्यता जास्त आहे आणि चारचौघांत अचानक विरोध झाला की माणूस आपल्याच म्हणण्याला चिकटून बसतो.

जमा झालेले पैसे परत करणे सर्वांत चांगले. परत घेताना कोणाला संकोच वाटत असेल, तर ज्यांची इच्छा असेल त्यांच्या रकमेतून वर्गाच्या वाचनकोपऱ्यासाठी पुस्तके घ्यावीत किंवा बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाची वर्गणी भरावी, ती शाळेच्या नावाने द्यावी आणि शाळेची पावती घ्यावी. पुस्तकांवर ‘चौथीच्या मुलांकडून’ एवढेच लिहावे, दात्यांची नावे नकोत.

चादरीविषयी मी बराच विचार केला. बाजारातून आणलेल्या समईत आणि घरच्या माणसाने मागावर विणलेल्या चादरीत फरक आहे, हे नियमांच्या भाषेत बसले नाही तरी सोलापुरात कोणालाही समजते. आपल्याकडे पाहुण्याला चादर-टॉवेल देऊन निरोप देण्याची पद्धतच आहे. म्हणून ती देऊ नका असे मी म्हणत नाही, फक्त काळ बदला असे म्हणते. आज बाई तुमच्या मुलाच्या वर्गशिक्षिका आहेत आणि दोन्ही सत्रांचे मूल्यमापन अजून व्हायचे आहे. वार्षिक निकाल लागला, चौथी संपली आणि मुलगा त्यांच्या वर्गातून बाहेर पडला, की त्यांनी त्याला देण्यासारखे आणि तुम्ही त्यांच्याकडून अपेक्षिण्यासारखे काही उरत नाही. त्या वेळी मुख्याध्यापकांना आधी विचारून, त्यांच्या कार्यालयात, मुलगा आणि यजमान दोघांना बरोबर नेऊन चादर द्या. घरी नेऊन देऊ नका. कारखान्यातून ती रीतसर विकत घेतलेली असू द्या, यजमानांच्या नोकरीच्या दृष्टीने तेही महत्त्वाचे आहे. धाकटे भावंड त्याच शाळेत असेल आणि त्याच बाईंच्या वर्गात जाण्याची शक्यता असेल, तर ते तिथून बाहेर पडेपर्यंत हा बेत पुढे ढकला. आणि बाई नको म्हणाल्या तर एकदाच आग्रह करा, दुसऱ्यांदा नको; कौत्साचे काय झाले ते सासूबाईंना विचारा.

मधल्या काळात अगदी हात आखडून वागावे असेही नाही. गुलाबाचे फूल, मुलाने रंगवलेले कार्ड, संक्रांतीचा तिळगूळ, दिवाळीच्या फराळाचा किंवा ईदच्या शिरखुर्म्याचा डबा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसाठी नेणे, यांत कोणाचे मिंधेपण नसते. हळदीकुंकवाला बाईंना बोलवावेसे वाटले तर जरूर बोलवा, आणि इतर बायकांना जे वाण द्याल तेच त्यांना द्या. त्यांच्यासाठी आतल्या खोलीतून वेगळे, भारी वाण निघाले की तो समारंभ राहत नाही. मला वाटते, जी वस्तू वर्गातले कोणतेही मूल देऊ शकेल आणि सगळ्यांसमोर उघडता येईल, तिच्याविषयी फार खल करू नये.

तुमच्या बाबतीत लागू नाही, पण इतर वाचकांसाठी एक गोष्ट लिहून ठेवते. शिक्षकाने किंवा शाळेतील कोणी स्वतःहून वस्तू वा पैसे मागितले, किंवा आपल्याच वर्गातील मुलांना आपल्या खासगी शिकवणीला पाठवा असे सुचवले, तर तो शिष्टाचाराचा प्रश्न राहत नाही. खासगी शिकवणीला शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २८ मध्ये मनाई आहे. पैशाची मागणी झाल्यास मुख्याध्यापक, त्यानंतर शिक्षणाधिकारी, आणि लोकसेवकाच्या बाबतीत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे. बळजबरीने पैसे द्यावे लागले असतील, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्या देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो, म्हणून अशा वेळी घरात चर्चा करण्यात आठवडा घालवू नये.

आता पत्राविषयी. तुम्ही लिहायचे पत्र मुख्याध्यापकांच्या नावे असावे आणि त्याची प्रत बाईंना द्यावी. शिक्षकांविषयी तक्रारीचे अर्ज शाळेत येतच असतात. चांगल्या कामाची लेखी नोंद करणारा पालक क्वचित भेटतो, आणि संस्थेपुढे किंवा एखाद्या पुरस्काराच्या प्रस्तावाबरोबर ठेवता येईल असा कागद बाईंच्या हाती असावा, ही कोणत्याही वस्तूपेक्षा उपयोगाची भेट आहे. विशेषणे कमी वापरा आणि घडले ते लिहा. “बाई फार प्रेमळ आहेत” या वाक्याने मुख्याध्यापकांना काही कळत नाही. “माझा मुलगा बोलताना अडखळत असल्यामुळे वर्गात उत्तर देत नसे. बाईंनी जूनपासून मधल्या सुट्टीत त्याच्याकडून रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचून घेतला, तो अडखळला तेव्हा इतर मुलांना हसू दिले नाही, आणि गेल्या महिन्यात परिपाठात त्याने संपूर्ण शाळेसमोर सुविचार वाचला. घरीही तो आता स्वतःहून फोन उचलून बोलतो,” असे काही लिहिले तर नेमके काय झाले ते कळते. फोनचे वाक्य मी उदाहरणादाखल घातले आहे. तुमच्या घरी जो बदल खरोखर दिसला असेल तो लिहा. त्यात वर्गणीचा किंवा गटाचा उल्लेख मुळीच करू नका.

मुलाच्या पत्रात तुम्ही हात घालू नका, त्यातील ऱ्हस्व-दीर्घही सुधारू नका. तुमच्या पत्राच्या तीन प्रती काढा. एक मुख्याध्यापकांसाठी कार्यालयात देऊन आवक नोंदवहीत नोंद करून घ्या, दुसरी बाईंना द्या, आणि तिसरीवर शाळेचा पोच शिक्का घेऊन ती घरी ठेवा. शिक्षक दिनी मुलांच्या कार्यक्रमामुळे कार्यालयात कोणी जागेवर सापडत नाही, तेव्हा हे काम आदल्या दिवशी उरकलेले बरे.